खुर्चीला टांगलेलं फडकं

जपानमधल्या ओकायामाला शाळा बघायला जायच्या आधी आमच्या बी.एड.च्या बाईंनी निरीक्षणासाठी रकाने आखून दिले होते. अध्यापन पद्धती, शैक्षणिक साधने, फलकलेखन, वर्गनियंत्रण. त्यात फडक्याला रकाना नव्हता, म्हणून ते वहीच्या मागच्या पानावर गेलं आणि बघता बघता तिथलीच पानं जास्त भरली.

पुणेकराला ओकायामा म्हटलं की सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आठवतं. ज्याच्यावरून ते बेतलं, ते कोराकुएन मीही पाहिलं. १७०० साली पूर्ण झालेली ती बाग सुंदरच आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला सांगायचंय ते झोकिनबद्दल.

झोकिन म्हणजे फरशी पुसायचं फडकं. मी गेले त्या प्राथमिक शाळेत प्रत्येक मुलाच्या खुर्चीला एकेक टांगलेलं होतं, काहींवर नावसुद्धा घातलेलं. जुना टॉवेल दुमडायचा, त्यावर उभ्या-आडव्या टिपा मारायच्या आणि घरून शाळेत पाठवायचा, ही जुनी रीत. आता शंभर येनच्या दुकानात तयार मिळतात आणि बऱ्याच आया तीच आणतात. आपल्याकडे फरशीचं फडकं म्हणजे बाबांच्या बनियनचा शेवटचा अवतार. त्याला टीप कोण घालणार, आणि त्यावर नाव तरी कोणाचं घालणार?

जेवणं आटोपली की स्पीकरवर गाणं लागतं आणि बाकं एका बाजूला सरकतात. मग मुलं फडकं जमिनीवर ठेवून त्यावर दोन्ही तळवे दाबतात, गुडघे न टेकता कंबर वर उचलतात आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुसाट पळतात. याला सफाई म्हणावं की शर्यत, मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आत बाहेरच्या चपला-बूट येतच नाहीत, सगळ्यांच्या पायात शाळेचे वेगळे बूट असतात. त्यामुळे लाकडी जमीन पुसण्यात अर्थही राहतो. कोणी काय करायचं ते भिंतीवरचं पुठ्ठ्याचं चक्र सांगतं. ते फिरवलं की जिन्यावाली मुलं फळ्याकडे येतात आणि फळ्यावाली स्वच्छतागृहाकडे जातात. वर्गशिक्षिका त्यांच्यातच केरसुणी घेऊन. सगळी मुलं गुणी होती असं मात्र नाही. एक पठ्ठ्या पूर्ण वेळ एकच खिडकी पुसत बाहेरचं मैदान बघत होता. त्याला पाहून मला फार बरं वाटलं.

एका सुट्टीत आम्हाला बिझेनजवळची शिझुतानी शाळा दाखवायला नेलं. १६७० मध्ये इकेदा मित्सुमासा या सरदाराने सामान्य लोकांच्या मुलांसाठी ती काढली. सभागृहावर बिझेनच्या मातीची भाजलेली कौलं आहेत आणि आतली लाकडी जमीन इतकी तुकतुकीत, की खिडकीतला उजेड तिच्यात उतरतो. सगळे ‘वाः’ म्हणत होते. माझ्या मनात आलं, इतकी वर्षं ही पुसली कोणी असेल?

हा प्रश्न माझ्या डोक्यात सहज आला नव्हता. आपल्याकडे शाळेत झाडू कोणाच्या हातात द्यायचा, याला मोठा इतिहास आहे. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले, तरी तो इतिहास झाडून निघाला नाही. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत मुलं आजही परिपाठाआधी मैदान झाडतात, चपला वर्गाबाहेर ओळीत काढतात, आणि ते छानच आहे. पण मुलींनी झाडायचं आणि मुलांनी बादल्या आणायच्या, हे कोणी न सांगताच ठरतं. स्वच्छतागृह कोणाला सांगितलं जातं, हे तर विचारूच नये. म्हणून कुठे मुलांच्या हातात झाडू दिसला की पालक चिडतात, आणि मला त्यांचा राग पटतो. ओकायामात कोणाचं आडनाव न विचारता पाळी लावत होतं ते पुठ्ठ्याचं चक्र. मला हेवा वाटला तो त्याचा, चकचकीत जमिनीचा नव्हे.

आमच्या पाठ टाचणात मूल्यांचा रकाना असतो. दहा मूल्यांपैकी ‘श्रमप्रतिष्ठा’ हे आम्हा छात्राध्यापकांचं लाडकं, कारण ते कोणत्याही पाठात बसतं. मी ते अपूर्णांकांच्या पाठातही बसवलेलं आहे.

परत आल्यावर शाळेच्या शिक्षकखोलीत फोटो दाखवले. फडक्यांची शर्यत पाहून सगळे हसले. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “झकास आहे, पण तासिका कुठून काढायची?” तेवढ्यात चहाचे कप गोळा करायला आलेले आमचे शिपाईमामा मोबाइलमध्ये डोकावले.

“पोरंच पुसतात? मग तिथल्या मामांना काय काम?”

“तेही आहेत की. मोडलेली बाकं दुरुस्त करतात, झाडं छाटतात.”

“आणि चहा?”

चहाचं मी विचारलंच नव्हतं.