पुकाकीच्या काठावर हीटर बंद पडला त्या रात्रीची गोष्ट

जुलै म्हणजे इकडे न्यूझीलंडमध्ये ऐन हिवाळा, आणि साउथ आयलंडला पुकाकी तलावाच्या काठी व्हॅन लावून झोपायचं तर रात्री पारा शून्याच्या खाली जाणारच. पहाटे पाचला लेक कुडकुडत उठली, बघतो तर डिझेल हीटर बंद आणि स्क्रीनवर लो व्होल्टेजचा एरर. हा हीटर सुरू होताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी कांडी) तापवायला भरपूर करंट ओढतो, एकदा पेटला की फारसं लागत नाही, पण पेटायलाच बॅटरीत दम नव्हता. मीटर लावला तर ११.७ व्होल्ट. लेकीला मध्ये घेऊन, आईने दिलेल्या दोन्ही गोधड्या पांघरून उजाडायची वाट बघत बसलो, आणि इकडे जुलैत उजाडतं आठच्या पुढे.

मला कळेना, कारण आदल्या दिवशीच क्राइस्टचर्चहून चांगली साडेतीन-चार तास गाडी चालवून आलो होतो. अशा राहायच्या व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनची आणि एक घराची म्हणजे फ्रिज, लाइट, हीटरची, आणि गाडी चालू असली की मधल्या रिलेतून (आपोआप जोडणाऱ्या स्विचमधून) अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, दोन्ही भरतो. मग घराची रिकामी कशी?

सकाळी एका दुकानात दाखवलं तर न तपासताच म्हणाले बॅटरी गेली, नवीन घ्या. मला ते पटलं नाही, कारण पॉवर्ड साइटवर (कॅम्पमधली विजेचं कनेक्शन असलेली जागा) रात्रभर २३० व्होल्टचा चार्जर लावला की हीच बॅटरी पुढे दोन रात्री नीट पुरते, मेलेली बॅटरी असं करेल का?

दुपारी एकला, म्हणजे भारतात सकाळी साडेसहाला, बाबांना फोन लावला. बाबांचा जन्म वायरमनकीत गेला. म्हणाले, "अगं, बॅटरीला हात लावू नकोस, आधी अर्थिंग बघ. आणि इंजिन चालू ठेवून मोज, बंद गाडीत काही कळायचं नाही."

मोजलं. इंजिन चालू, फ्रिज चालू. इंजिनच्या बॅटरीवर १४.२, घराच्या बॅटरीवर फक्त १२.४. मधले १.८ व्होल्ट गेले कुठे? रिलेच्या दोन्ही टोकांना १४.१ च्या आसपास, म्हणजे रिले, फ्यूज, लाल वायर सगळं ठीक. मग मीटरची एक तार एका बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दुसरीच्या निगेटिव्हला लावली. इथे जवळपास शून्य यायला हवं, आलं १.६! म्हणजे चोर काळ्या, निगेटिव्हच्या वायरमध्ये, बाबा म्हणाले त्या अर्थिंगमध्येच.

सीटखाली जिथे ती वायर बॉडीला बोल्टने जोडलीये तिथे बोल्टखाली रंग आणि हिरवट गंज. उन्हाळ्यात छतावरचं सोलर पॅनल बॅटरी भरून काढत होतं म्हणून आम्हाला कळलंच नाही, हिवाळ्यात दिवस जेमतेम नऊ तासांचा आणि सूर्य इतका खाली की आडव्या पॅनलला काही मिळत नाही, मग सगळा भार अल्टरनेटरवर आला आणि दुखणं बाहेर पडलं.

बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह आधी काढल्या, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग (वायरच्या टोकाची कडी), नवा वॉशर, बोल्ट घट्ट. परत मोजलं तर घराच्या बॅटरीवर १३.९. खर्च फक्त लग-वॉशरचा. (२३० व्होल्टच्या बाजूला मात्र स्वतः हात घालू नका, इथे त्यासाठी इलेक्ट्रिकल वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे तपासणीचा दाखला, लागतो आणि ते काम इलेक्ट्रिशियनचंच.)

नवी व्हॅन असेल तर अजून एक बघा, हल्लीचे स्मार्ट अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज पाडतात, तिथे साध्या रिलेने बॅटरी नीट भरत नाही, व्होल्टेज हवं तेवढं करून देणारा डीसी-टू-डीसी चार्जरच लागतो. आमची जुनी टोयोटा हायएस, तिला ती भानगड नाही.

त्या दिवशी माउंट कुकच्या गावापर्यंत जाऊन आलो आणि रात्री परत तिथेच मुक्काम केला. हीटर रात्रभर चालला, सकाळी मीटरवर १२.४, लेक साडेआठपर्यंत झोपली. बाबांना बोल्टचा फोटो पाठवला, तर त्यांचा मेसेज आला, ग्रीस लावलंस का? लावलंय बाबा.