लीड्सच्या पबमध्ये पोटभर जेवायला मला तीन खेपा लागल्या

लीड्सला आल्यावर पहिल्याच महिन्यात एका शनिवारी एकटाच एका जुन्या पबमध्ये जेवायला गेलो आणि पंचवीस मिनिटं नुसता बसून राहिलो. मेनूकार्ड दोनदा वाचून झालं, खालचं ॲलर्जीचं बारीक अक्षरातलंसुद्धा वाचलं, पण वेटर काही येईना. मला वाटलं हे मुद्दाम चाललंय, मनात भांडणाचं भाषणही तयार झालं, आणि मग लक्षात आलं की वेटर कुणाकडेच येत नाहीये, सगळे आपले आपण उठून बारवर जातायत. ऑर्डर तिथेच द्यायची, पैसे तिथेच आणि आधीच, ग्लास आपला आपण आणायचा, फक्त जेवण टेबलावर येतं. म्हणजे आपलं कूपनवालं हॉटेल की हो!

गेलो बारवर, तर तिथली मुलगी म्हणाली टेबल नंबर काय. नंबर टेबलाच्या कडेला पितळेच्या छोट्या चकतीवर असतो, तो बघायला परत आलो तर माझ्या टेबलावर एक जोडपं निवांत बसलेलं. (खुर्चीवर जॅकेट टाकून जायचं असतं, हे नंतर कळलं.) दुसरं टेबल मिळेपर्यंत नऊ वाजले आणि किचन बंद. पब चालू पण जेवण बंद, हा प्रकार मला नवीनच होता. वेफर्सचं पाकीट खाऊन घरी आलो आणि खिचडी लावली.

दुसऱ्यांदा ऑफिसमधल्या एका यॉर्कशायरच्या माणसाने हात धरून नेलं, व्हाइटलॉक्सला. ब्रिगेट म्हणजे इथला भर बाजाराचा रस्ता, त्याला लागून एक बोळ, माहीत नसेल तर पुढे निघून जाल असा. पब 1715 पासूनचा, म्हणजे बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळून जेमतेम दोन वर्षं होत होती. आत लांबुळकी अरुंद खोली, टाइल्स लावलेला बार, पितळ, आरसे. बारवर रांग दिसत नाही पण असते, ती सगळ्यांच्या डोक्यात असते. कोण कुणाच्या आधी आलं ते प्रत्येकाला पाठ. नोट हलवायची नाही, "एक्सक्यूज मी" ओरडायचं नाही, नुसतं बारमनच्या नजरेत राहायचं. आणि त्याने चुकून तुम्हालाच आधी विचारलं तर शेजाऱ्याकडे बोट दाखवून "हे माझ्या आधी होते" म्हणायचं. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला हे शिकायला वेळ लागतो राव.

इंग्रज गरम बियर पितात असं ऐकून होतो. गरम नसते हो. कास्क एल म्हणजे इथली पारंपरिक बियर, ती पिंपातच शेवटची आंबते आणि तळघरातून हातपंपाने वर ओढतात, साधारण 12 डिग्रीला, त्यामुळे आपल्या बर्फगार बाटलीच्या सवयीला ती कोमट वाटते. पंपाचा दांडा खाली ओढताना बारमनचा खांदा चांगलाच कामाला लागतो, दोनतीन ओढींत पाइंट भरतो, 568 मिली. या उत्तरेकडे नळीच्या तोंडाला एक बारीक भोकांची टोपी लावतात, त्याने वर सायीसारखा दाट फेस येतो. लंडनवाले म्हणे याला नावं ठेवतात, आणि हे लोक लंडनवाल्यांना. कुठली घ्यायची कळत नसेल तर बिनधास्त चव मागायची, छोट्या ग्लासात घोटभर देतात. मी शेवटी टिमोथी टेलरची लँडलॉर्ड घेतली, जवळच्या कीथली गावची, आणि अजूनही तीच घेतो.

खरा घोळ मी पुढे घातला. चौघं होतो, पहिला राउंड, म्हणजे सगळ्यांचे ग्लास, एकाने स्वतःच्या पैशाने आणला, दुसरा दुसऱ्याने, मी दोन्ही पिऊन थँक्यू म्हणून बस पकडली. सोमवारी त्या यॉर्कशायरवाल्याने हसत हसत सांगितलं की फुकट पिऊन निघून जाणारा माणूस इथे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. कान तापले माझे. आता मी पहिलाच राउंड घेतो, म्हणजे कधीही उठता येतं.

तिसऱ्यांदा बायकोला घेऊन गेलो, सात वाजताच, जॅकेट खुर्चीवर, नंबर पाठ. ती शाकाहारी. शाकाहारी मंडळींनो, इथे एक नीट ऐका, यॉर्कशायरमध्ये बऱ्याच ठिकाणी चिप्स गाईच्या चरबीत तळतात, तिला ड्रिपिंग म्हणतात, त्यामुळे नुसतं "व्हेज आहे ना" विचारून भागत नाही, तळण कशात करता ते विचारा. आमच्या पबमध्ये तेल होतं. तिने मशरूम पाय (pie) घेतला, मी फिश अँड चिप्स, मासा ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. सोबत मशी पीज, म्हणजे वाळलेले वाटाणे भिजवून गाळ होईपर्यंत शिजवलेले, वर पुदिन्याचं आंबट सॉस. बायकोने एक चमचा खाल्ला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "रगडा आहे रे हा, फोडणी द्यायची राहिलीये."

ती लाइम सोडा पीत होती, मी हाफ, म्हणजे अर्धा पाइंट. अकराच्या जरा आधी बारवरची घंटा खणखणली, शेवटच्या ऑर्डरची, आणि तिचा हात आपोआप टाळी वाजवायला निघाला होता, मी बघितलं.