२.२ किलोहर्ट्झचा खड्डा: किटची जोडी वाजतेय, स्वतःची जोडी पुन्हा बाकावर

घरी स्पीकरच्या दोन जोड्या बांधतोय, एक किटची आणि एक पूर्ण स्वतःची. या दुसऱ्या जोडीच्या आवाजाचा आलेख संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये सरळ रेघ, आणि माइकपुढे २.२ किलोहर्ट्झला ७ डीबीचा (डेसिबलचा) खड्डा. मागच्या नोंदीनंतरचा जवळजवळ सगळा वेळ या एका गोष्टीने खाल्ला, आणि आता कारण सापडलं आहे. ड्रायव्हर (पेटीतले आवाज काढणारे घटक) ठीक होते, एक कॉइल जराशी चुकलेली होती, पण मुख्य घोळ मापनाच्या पद्धतीत होता. किट घ्यावं की सगळं स्वतः बांधावं, या चर्चेचं आमचं उत्तरही याच खड्ड्यातून निघालं. म्हणून आज बाकीच्या गोष्टी भराभर उरकून त्याच्याकडे येतो.

किटची जोडी पूर्ण झाली. ५ इंची वूफर (खालच्या सुरांचा ड्रायव्हर), वेव्हगाइडचा म्हणजे उथळ भोंग्यात बसवलेला ट्वीटर (वरच्या सुरांचा), क्रॉसओव्हरचे (दोघांत आवाज वाटून देणाऱ्या सर्किटचे) सुटे भाग आणि नकाशा एवढंच मागवलं होतं. पेटी इथेच कापली. तयार पॅनेल मागवण्यात आपल्याकडे अर्थ नाही, लाकडाच्या वजनावर भाडं आणि ड्युटी दोन्ही चढतात. नकाशातली बॅफलची (पेटीच्या पुढच्या फळीची) रुंदी, दोन ड्रायव्हरमधलं अंतर आणि कडेपासूनचं अंतर एका मिलिमीटरनेही हलवलं नाही. बदल करायचाच असेल तर पेटीच्या खोलीत करावा. आतले लिटर आणि पोर्ट (पेटीतली हवेची नळी) तेवढेच राहिले की क्रॉसओव्हरचं गणित बिघडत नाही. रुंदी बदलली तर बिघडतं, कारण बॅफल स्टेप, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीखाली आवाज फळीच्या मागेही पसरून समोर कमी पडतो ती, रुंदीवर ठरते: ११५ भागिले मीटरमधली रुंदी, उत्तर हर्ट्झमध्ये. आमच्या स्वतःच्या पेटीची २१० मिमी रुंदी धरली तर साधारण ५५० हर्ट्झ. सुताराने 'जरा ऐसपैस करू' म्हणून २१० चे २६० केले तर तीच स्टेप ४४० वर उतरते, आणि किटच्या कॉइलची किंमत मूळ रुंदीसाठी काढलेली असते.

किटमध्ये एकच गोष्ट बदलली. छापील बोर्डावर दोन्ही कॉइल शेजारी-शेजारी, एकाच अक्षात होत्या. ट्वीटरची कॉइल उभी करून १० सेंमी दूर नेली. पहिल्याच मापनात २०० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ ±२ डीबीच्या आत. सोल्डरिंगला एक दुपार लागली आणि दुसऱ्या दिवशी गाणं ऐकता आलं. हे समाधान खरंच मोठं आहे.

आता स्वतःची जोडी. ६.५ इंची कागदी वूफर, १ इंची कापडी डोमचा ट्वीटर, निव्वळ १६ लिटर, पोर्ट ४२ हर्ट्झला. बाहेरून २१० बाय ३६० बाय ३५२ मिमी, १८ मिमी एचडीएचएमआर (दाट, ओल सोसणारा फायबर) बोर्ड. साधा एमडीएफ पावसाळ्यात कापलेल्या कडेला फुगतो आणि रिबेटची (ड्रायव्हरची कड बसवायच्या खाचेची) गोलाई बिघडते, म्हणून हा बोर्ड घेतला. राउटरचं पातं मात्र लवकर बोथट होतं. रिबेट आधी, आरपार भोक नंतर. हा क्रम उलटला तर जिगच्या मधल्या खिळ्याला आधारच उरत नाही. वूफरच्या भोकाला मागून ४५ अंशांचा उतार दिला आहे, नाहीतर १८ मिमीची भिंत शंकूमागची हवा अडवते.

पोर्टचा एक धडा. नळवाल्याकडचा '५० मिमी' पाइप बाहेरून ५० असतो. आमच्या पाइपाचा आतला व्यास ४६ मिमी भरला. ५० मिमी व्यासाला १७२ मिमी लांबी लागते, ४६ ला १४३ पुरते. १७२ चाच तुकडा बसवल्यामुळे ट्यूनिंग ४२ ऐवजी ३९ हर्ट्झला आलं. १०० ओमचा रेझिस्टर लावून आरईडब्ल्यू या मापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पीडन्स (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणारा विद्युत विरोध) काढला, की दोन शिखरांमधल्या दरीचा तळ म्हणजे तुमचं ट्यूनिंग. पाइप थोडा थोडा कापत १४४ वर दरी ४२ ला आली. पाइप नेहमी लांब ठेवूनच सुरुवात करावी.

तर खड्डा.

मापन यूएसबी माइकने झालं होतं. पेटी खोलीच्या मध्यावर स्टुलावर, ड्रायव्हर जमिनीपासून १.३५ मीटर, माइक १ मीटरवर. २.७ मीटर उंचीच्या खोलीत जमिनीवरून आणि छतावरून येणारा पहिला परावर्तित आवाज साधारण ५.४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे गेट लावून (परावर्तनाआधीचाच आवाज धरून) १८५ हर्ट्झच्या वरचा भाग विश्वासाचा. खालचा भाग माइक शंकूजवळ नेऊन मोजला आणि जोडला. इथपर्यंत सगळं बरोबर. दोन्ही ड्रायव्हरच्या फाइल विट्युइक्सकॅड या क्रॉसओव्हर आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, २.२ ला चौथ्या ऑर्डरची लिंकविट्झ-रायली (क्रॉसओव्हरचा एक प्रचलित आराखडा; ऑर्डर जितकी जास्त तितका उतार तीव्र) धरून भाग काढले, आलेख सपाट आला. जुळणी केली, मोजली, तर ७ डीबी गायब.

पहिला संशय भागांवर. एलसीआर मीटरवर (कॉइल-कपॅसिटर मोजायच्या यंत्रावर) ०.३३ मिलिहेन्रीची कॉइल ०.३८ निघाली. बाजारात गुंडाळून मिळणाऱ्या कॉइलवरच्या चिठ्ठीवर विसंबू नये, हे या निमित्ताने पक्कं झालं. तीन-चार वेढे काढून, परत मोजून, पुन्हा तीन-चार काढून ती ०.३३ वर आणली. खड्डा साडेसहावर आला. म्हणजे मूळ दुखणं दुसरीकडे होतं.

मग ट्वीटरच्या तारा उलट्या केल्या. खड्डा जवळजवळ भरला, समोरून फक्त १ डीबीची खोच उरली. इथे थांबायचा मोह फार होतो, आणि बरेच जण इथेच थांबतात. पण दोन लक्षणं खटकत होती. खुर्चीवरून अर्धवट उठलं की गायकाचा आवाज एकदम पुढे यायचा. आणि जुळणी खरोखर बरोबर असेल तर तारा उलट्या केल्यावर क्रॉसओव्हरला २० डीबीहून खोल दरी पडायला हवी. इथे सुलट आणि उलट यांत फरक जेमतेम ६ डीबी. म्हणजे दोन्ही स्थितींत फेज (दोन ड्रायव्हरच्या लहरींचा ताल) जुळलेली नव्हती, एकीत जास्त चुकलेली आणि दुसरीत कमी.

आकडे मांडले तेव्हा चित्र उघडं पडलं. ७ डीबी खाली यायला दोन ड्रायव्हरमध्ये सुमारे १२७ अंशांचा फरक लागतो. २.२ किलोहर्ट्झला तरंगलांबी १५६ मिमी, म्हणून १२७ अंश म्हणजे ५५ मिमी, किंवा ०.१६ मिलिसेकंद. तारा उलट्या केल्यावर ५३ अंश उरतात. समोर तोटा फक्त १ डीबी, पण मुख्य झोत ९ अंश वर झुकतो. केंद्रांमधलं अंतर १५० मिमी असल्यामुळे एरवी वर-खाली ३१ अंशांवर पडणाऱ्या दऱ्या आता खाली २१ आणि वर ४२ अंशांवर जातात. २.४ मीटरवर ९ अंश म्हणजे कानापेक्षा ३८ सेंमी वर. अर्धवट उठल्यावर आवाज का बदलत होता, त्याचं हे उत्तर. पेटी खाली-वर कलती करून मोजली, खालची दरी २० आणि २२ अंशांच्या मध्येच सापडली.

हे ०.१६ मिलिसेकंद गेले कुठे? टायमिंग रेफरन्स (वेळेचा संदर्भ) दिला नसेल तर आरईडब्ल्यू प्रत्येक इम्पल्सचं (क्षणिक टिचकीला ड्रायव्हरने दिलेल्या प्रतिसादाचं) शिखर शून्यावर आणून ठेवतं. ट्वीटरचं शिखर लगेच येतं, वूफरचं उशिरा: थोडं त्याचं ध्वनिकेंद्र मागे असल्यामुळे, थोडं त्याचा इम्पल्स मुळात सावकाश चढतो म्हणून. दोन्ही शिखरं शून्यावर आणली की हा उशीर फाइलमधून पुसला जातो. सिम्युलेशनला वाटतं दोघं एकाच क्षणी निघाले. मॅग्निट्यूडचा (आवाजाच्या पातळीचा) आलेख अगदी खरा, फेज खोटी, आणि पडद्यावर कुठेच लाल दिवा नाही.

उपाय तीन मापनांचा. माइक ट्वीटरच्या उंचीवर पक्का बांधायचा आणि ॲम्पचा आवाज अजिबात हलवायचा नाही. एकटा वूफर, एकटा ट्वीटर, मग दोन्ही समांतर. ट्वीटरला क्रॉसओव्हर नसल्यामुळे स्वीप ५०० हर्ट्झपासून, आवाज कमी. पहिल्या दोन फाइलींची मिनिमम फेज (नुसत्या पातळीच्या आलेखावरून गणिताने निघणारी फेज) काढून विट्युइक्सकॅडमध्ये टाकायची, वूफरचं मागे-पुढे अंतर बदलत राहायचं, आणि गणिताने आलेली बेरीज तिसऱ्या मापनावर बसवायची. ३ ते ६ किलोहर्ट्झमधले खळगे १-२ मिमीच्या फरकानेही सरकतात, म्हणून अंतर नेमकं हाताला लागतं. आमचं आलं २२ मिमी. ५५ पैकी उरलेले ३३ म्हणजे वूफरच्या सावकाश चढण्यातला उशीर, तो मिनिमम फेजमध्ये आपोआप मोजला जातो.

२२ मिमी म्हणजे २.२ ला ५१ अंश. दोन्ही बाजूंना सारखे चौथ्या ऑर्डरचे उतार दिले तर हे ५१ अंश अंगावर राहतात. वूफरचा ध्वनिक उतार तिसऱ्या ऑर्डरचा आणि ट्वीटरचा चौथ्या ऑर्डरचा ठेवला तर एका ऑर्डरचे ४५ अंश वाचतात आणि हिशेब जवळजवळ जुळतो. नवे भाग असे: वूफरला १.५ मिलिहेन्री मालिकेत, मग १० मायक्रोफॅरड आणि २.२ ओम समांतर. ट्वीटरला ५.६ मायक्रोफॅरड, ०.३३ मिलिहेन्री, १५ मायक्रोफॅरड, पुढे ३.३ ओम मालिकेत आणि १० ओम समांतर. ६ ओमच्या ट्वीटरवर हे साडेपाच डीबी कमी करतं. क्लिपा लावून केलेली जुळणी मोजली: बेरीज सिम्युलेशनपासून अर्ध्या डीबीत, आणि तारा उलट्या केल्यावर दरी २८ डीबी खोल! इतक्या दिवसांनी तो आलेख पडद्यावर पाहण्यासारखा होता.

चाचणीच्या जुळणीला महागडे ऑडिओ कपॅसिटर वापरू नका. पंख्याचे ४४० व्होल्टवाले मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचेच असतात. ३.१५ आणि २.५ समांतर जोडले की ५.६५, म्हणजे आपला ५.६. पंपाच्या मोटरचे रन कपॅसिटर १० आणि १५ मध्ये मिळतात. स्टार्ट कपॅसिटर मात्र इलेक्ट्रोलायटिक, ते घेऊ नका. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत होतं. त्याच दुकानांत '२-वे, ८ ओम' छापलेले तयार क्रॉसओव्हर बोर्डही टांगलेले असतात. ते कुठल्याच ड्रायव्हरसाठी बनलेले नसतात. ड्रायव्हरचा इम्पीडन्स सगळीकडे ८ ओम धरलेला, फेजचा पत्ता नाही, बॅफल स्टेपची भरपाई नाही. चांगले ड्रायव्हर घेऊन त्यावर हा बोर्ड लावणं ही या छंदातली सगळ्यात महाग बचत आहे.

म्हणून किट की स्वतःचं, या प्रश्नावर आता स्पष्ट मत. किटचे पैसे ड्रायव्हरसाठी नसतात, ते कोणीतरी त्याच बॅफलवर खरी फेज मोजून काढलेल्या क्रॉसओव्हरसाठी असतात. किटमधल्या ट्वीटरचा वेव्हगाइडही आता वेगळ्या नजरेने दिसतो: डोम मागे सरकतो, वूफरशी अंतर आपोआप जुळतं, आणि सोप्या क्रॉसओव्हरमध्ये काम होतं. माइक आणि इम्पीडन्सची सोय नसेल तर किट घ्या, किंवा एखादी प्रसिद्ध झालेली पूर्ण रचना त्याच ड्रायव्हरसह, त्याच मापात बांधा. दुसरा मार्ग आम्हाला अधिक आवडतो, सुतारकामाची सगळी मजा मिळते. मापनाची सोय असेल आणि खड्ड्यामागे लागायची तयारी असेल, तरच कोऱ्या कागदापासून सुरुवात करा.

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. २२ मिमी भागिले १५० मिमी, त्याचा कोन ८.४ अंश. पेटी उलटी ठेवली, वूफर वर आणि ट्वीटर खाली, आणि ऐकणारा ८.४ अंश वर असला, तर वूफर तितकाच जवळ येतो आणि फरक शून्य. मिशन या ब्रिटिश स्पीकर कंपनीने ट्वीटर वूफरच्या खाली ठेवलेले स्पीकर अनेक वर्षं केले, ते याच कारणाने. २.४ मीटरवर ८.४ अंश म्हणजे ३५ सेंमी. कान ९५ सेंमीवर धरला तर दोन ड्रायव्हरांचा मध्य ६० वर हवा, म्हणजे स्टँड ४० सेंमीच्या आसपास. मग सारख्या उताराची लिंकविट्झ-रायली जशीच्या तशी चालेल. जास्त उंचीच्या स्टँडसाठी काढून ठेवलेलं सागवान सध्या कापत नाही. आधी विटांवर पेटी उलटी ठेवून दोन्ही क्रॉसओव्हर मोजायचे, वर-खाली ३० अंशांपर्यंत, ५ अंशांच्या टप्प्याने.

त्याआधी यूएसबी माइक बाजूला. दोन इनपुटचा इंटरफेस आणि एक्सएलआर माइक घेतोय, एक चॅनेल लूपबॅकला (आउटपुट थेट परत इनपुटला), म्हणजे वेळेचा संदर्भ प्रत्येक मापनात आपोआप येईल. ज्यांच्याकडे यूएसबी माइकच आहे त्यांनी आरईडब्ल्यूमधला अकूस्टिक टायमिंग रेफरन्स चालू करावा. दुसऱ्या चॅनेलचा स्पीकर संदर्भासाठी वाजतो. तो आणि माइक सगळी मापनं होईपर्यंत जागचे हलवू नयेत. कायमची सोल्डरिंग उलट्या पेटीचे आलेख हातात आल्यावरच.