तुडूम, सलंग आणि देवधान : झाडीपट्टीतल्या तलावांकाठी चार दिवस

भंडारा जिल्ह्यातलं साकोली माझं आजोळ. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथल्या तळ्यांत डुंबण्यात गेल्या, पण ही तळी नीट पाहायला म्हणून मी या डिसेंबरात पहिल्यांदा गेलो. चार दिवस, मामेभाऊ आणि त्याची मोटारसायकल. ठरवलं एवढंच होतं की मोठ्या धरणांमागं लागायचं नाही, गावागावांतली लहान तळी पाहायची.

भंडारा आणि गोंदिया म्हणजे पूर्व विदर्भातली झाडीपट्टी, वैनगंगेच्या खोऱ्यातला सखल, धानाचा मुलूख. रस्त्यानं निघालं की थोड्या थोड्या अंतरावर झाडांची एक लांब, उंचावलेली रांग दिसते. ती झाडं तलावाच्या पाळीवरची, म्हणजे मातीच्या बांधावरची. रस्त्यावरून पाणी दिसतच नाही. गाडी लावायची, पाळ चढायची, आणि शेवटच्या दोन पावलांत एकदम समोर सगळं उघडतं : पाणी, कमळाची पानं, पलीकडचा काठ, त्यावर वाळत घातलेली जाळी. चार दिवसांत वीसेक पाळी चढलो असेन. एकदाही कंटाळा आला नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे तलाव साडेसहा हजारांच्या वर आहेत. सरकारी कागदावर ते 'माजी मालगुजारी तलाव' (मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे जुने गावमालक), लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. त्याहून लहान ती बोडी, एखाद्याच शेतकऱ्याची, आपल्या बांध्यांपुरती. (इकडं बांधी म्हणजे धानाचा वाफा. घाटावरचा माणूस इथं हमखास गोंधळतो.) यातले बरेच तलाव गोंड राजांच्या काळातले. जो तळं बांधेल त्याला जमीन मिळे, आणि बांधण्यात हातखंडा कोहळी समाजाचा. जमिनीचा उतार नजरेनं ओळखायचा, पाणी कुठून येईल आणि कुठं अडेल ते हेरायचं आणि मातीची पाळ घालायची. त्या पाण्यावर धान आणि ऊस.

पहिल्या दिवशी शिवनीबांधाकडं गेलो आणि वाटेतल्या एका लहान तळ्यापाशी थांबलो. पाळीवर एक म्हातारे गृहस्थ शेळ्या राखत बसले होते.

"कोठचे जी तुमी?"

आजोळचं नाव सांगितलं. मामांची ओळख निघाली आणि मग ते उठून आम्हाला तुडूम दाखवायला घेऊन गेले. लहानपणी याच दगडांवरून मी पाण्यात उड्या मारल्या होत्या, पण ते कशासाठी आहेत हे कधी विचारलं नव्हतं.

तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायची जागा. पाळीच्या आतल्या अंगाला दगडविटांचं पायऱ्यापायऱ्यांचं बांधकाम. पायरीपायरीला मनगट जाईल एवढं भोक, भोकात लाकडाचा खुंटा. त्या म्हाताऱ्या आजोबांनी पाण्याबाहेरच्या एका खुंट्यावर हात ठेवला. लाकूड काळं पडलं होतं, भोवती चिंधी आणि चिखल गच्च भरलेला.

"वरचं भोक आधी. पानी उतरलं का त्याच्या खालचं. मधलं कोनी काढाचं नाही."

एवढंच सांगून ते थांबले. मला नंतर उमगलं ते असं : वरच्या भोकातून सोडलं की कोमट, उन्हानं तापलेलं पाणी जातं, त्याला दाब कमी, पाटाची माती वाहत नाही. आणि तळ्यात किती पाणी उरलं हे अख्ख्या गावाला डोळ्यांनी दिसतं, कारण कितवा खुंटा निघाला ते कोणीही मोजू शकतं. भांडणं झालीच तर ती सगळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर होतील. मी तिथं बराच वेळ बसून राहिलो.

पाळीच्या एका टोकाला सलंग, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जायची वाट. ते पाणी वाया जात नाही, खालच्या तळ्यात जातं. त्याचं सलंग त्याच्या खालच्यात. सलंगापासून ओहोळाच्या कडेकडेनं चालत गेलो आणि अर्ध्या तासात खरंच दुसरी पाळ लागली. त्या क्षणापासून मला एकेक सुटं तळं दिसेनासंच झालं.

आजोबांची तक्रार एकच होती, गाळाची. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडं आले. शेतकऱ्यांचे पाण्यावरचे हक्क जुन्या निस्तार पत्रकांत, म्हणजे गावाच्या वापरहक्कांच्या नोंदींत, लिहिलेले होते, पण पाळीला माती घालणं, गाळ काढणं ही कामं नक्की कोणाची, हे धूसर होत गेलं. मालगुजारांचा काळ फार चांगला होता असं मी म्हणणार नाही. ती माती गरिबांच्याच डोक्यावरून वाहिली गेली, अनेकदा वेठीनं. पण तळं उथळ होतं तेव्हा पहिला फटका बसतो तोही त्याच गरिबाला, शेवटच्या बांधीवाल्याला.

दुसऱ्या दिवशी नवेगावबांध. हा तलाव मोठा आणि प्रसिद्ध, कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, आणि १९७५ पासून इथं राष्ट्रीय उद्यान आहे. सकाळच्या धुक्यात तो सुंदर दिसतो, यात शंका नाही. पण माझं मन लहान तळ्यांत अडकलेलं, म्हणून दुपारीच अर्जुनी मोरगावच्या बाजूला निघालो.

आणि तिथं एका गावात या प्रवासातली सगळ्यात मोलाची दुपार मिळाली.

मासेमारी करणाऱ्या धिवर समाजातल्या पाच-सहा बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बेशरम उपटत होत्या. जांभळट फुलांची ही झुडपं काठ धरतात आणि मग तिथं दुसरं काही उगवू देत नाहीत. काम थांबवून त्यातल्या एका मावशींनी मला हाक मारली, पाण्यात हात घातला आणि ओंजळभर गवत वर काढलं. फितीसारखी लांब पानं, मध्ये बारीक पानांच्या गुंतलेल्या वेली. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि बोटानं अलगद फाकवलं. आत काचेसारख्या पारदर्शक, मोहरीएवढ्या गोगलगाई, एक झिंगा आणि नखाएवढं माशाचं पिल्लू.

"हे घर आहे त्याहीचं," मावशी म्हणाल्या. "घर मोडलं त मासे राहातीन कोठं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. रोहू, कतला हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांचं बीज दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं. मरळ, शिंगी, दाडक हे इथलेच. पहिल्या पावसात ते उथळ काठाला येतात, गवतात अंडी घालतात, थेट धानाच्या बांध्यांतही चढतात. त्यांना काही विकत आणावं लागत नाही, फक्त काठ शाबूत हवा. म्हणून या बायका बेशरम काढतात, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची नांगरट करतात आणि पाऊस लागला की दुसऱ्या तळ्यांतून आणलेल्या पाणवनस्पती लावतात. धानाची रोवणी करतात तशीच, वाकून, ओळीनं. तळ्यात रोवणी! मी मुलखातल्या जलसंधारणाबद्दल पुष्कळ वाचलं आहे, पण सगळं लक्ष किती पाणी साठलं याकडं. त्या पाण्याखाली काय उगवतं, हे मला कोणी विचारायला शिकवलं नव्हतं.

काठालगत देवधानाची ताटं उभी होती. हा रानचा धान, नांगराशिवाय आपोआप येणारा. लोंबीला लांब तांबूस कुसळं असतात आणि दाणा पिकला की झडून पाण्यात पडतो, म्हणून आधीच ताटं एकत्र बांधून ठेवावी लागतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, तेव्हा याचा भात चालतो. मावशींनी एक मागं राहिलेली लोंबी तोडून दिली. रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

तिसरा दिवस सिरेगावबांधाला गेला. अडई बदकांचा थवा शीळ घालत डोक्यावरून गेला, कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत होते. बाकी विशेष काही नाही, दिवसभर नुसतं बसलो.

चौथ्या दिवशी पहाटे गोंदियाजवळ परसवाड्याला. महाराष्ट्रात सारस आता जवळपास याच भागात उरले आहेत. धान कापलेल्या बांध्यांत लाखोरी (लाखेच्या डाळीचं पीक) हिरवी झाली होती आणि तिच्यात दोन सारस उभे होते, माणसाएवढे उंच, लाल मान, मध्ये त्यांचं तपकिरी डोक्याचं पिल्लू. शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक शेतकरी दात घासत उभे. पावसाळ्यात या जोडीनं त्यांच्याच बांधीत घरटं केलं होतं. कापणीच्या वेळी काय केलंत, असं विचारलं.

"तेवढा तुकडा राहू देल्ला जी. नंतर कापला."

दोन्ही सारसांनी चोची आभाळाकडं करून साद घातली. पिल्लू लाखोरीत टोचत राहिलं.

घरी आल्यावर रुमाल सोडला. बरेचसे दाणे गळून कापडात पडले होते, लोंबीवर तीन-चारच उरले होते. आईनं एक दाणा उचलला, कुसळ अंगठ्यावरून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "कोणत्या तळ्यातलं रे हे?"

मी गावाचं नाव सांगितलं. मग वरचं तळं कोणतं आणि त्याचं सलंग कुठं उतरतं, तेही ती मला सांगायला लागली.