घराच्या करारातला एक परिच्छेद

न्यू जर्सीत घर घेताना सह्यांसाठी जो गठ्ठा हातात पडतो, त्यात शिशाच्या रंगाची सूचना असते, रेडॉन वायूची असते, आणि मध्येच कुठेतरी 'मेगन्स लॉ' अशा मथळ्याचा एक परिच्छेद असतो. आधीच्या दोन्हींवर मी डोळे झाकून सह्या ठोकल्या. तिसऱ्याशी पेन थांबलं, कारण आमची सई तेव्हा सहा वर्षांची होती.

परिच्छेदाचा मतलब असा: लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती एखाद्या भागात राहत असेल, तर ते कोणाला आणि कसं कळवायचं हे काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) प्रॉसिक्युटर, सरकारी वकील, ठरवतो. घरं विकणाऱ्या एजंटांना ती माहिती मिळण्याचा हक्क नाही आणि ते ती तुम्हाला मिळवूनही देऊ शकत नाहीत. क्लोजिंग झाल्यावर प्रॉसिक्युटरच्या ऑफिसात विचारा, सांगण्याजोगं असेल ते सांगतील. क्लोजिंग झाल्यावर! म्हणजे पैसे भरून, किल्ली हातात आल्यावर. आमच्या एजंटबाई गुजराती, एरवी बोलायला लागल्या की गाडी थांबायची नाही. इथे मात्र "वो मैं नहीं बोल सकती, वेबसाइट देख लो" एवढंच.

म्हणून त्या रात्री सई झोपल्यावर लॅपटॉप घेऊन बसले.

या देशात असे कायदे बहुतेक एखाद्या गेलेल्या लेकराच्या नावाने ओळखले जातात. मेगन कांका सात वर्षांची होती, आमच्यापासून फार लांब नाही, मर्सर काउंटीतल्या हॅमिल्टन टाऊनशिपमध्ये राहायची. २९ जुलै १९९४ला समोरच्याच घरात राहणाऱ्या माणसाने कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून तिला आत नेलं आणि मारलं. त्याला आधी दोनदा अशाच गुन्ह्यांत शिक्षा झालेली होती आणि गल्लीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तिच्या आईबापांनी रान उठवलं. तीन महिन्यांत, ३१ ऑक्टोबरला, राज्याचा कायदा झाला. १९९६ साली केंद्राने सगळ्याच राज्यांना अशी माहिती लोकांपुढे ठेवणं भाग पाडलं.

आधी अशा गुन्हेगारांची देशभराची साइट उघडली. तिला ड्रू श्योडिन या नॉर्थ डकोटातल्या कॉलेजकन्येचं नाव आहे, २००३ साली पळवून मारलेल्या. या साइटकडे स्वतःची यादी अशी नाहीच. ती राज्यांच्या, टेरिटरींच्या आणि आदिवासी जमातींच्या रजिस्ट्र्यांमध्ये एकदम शोधते आणि सापडेल त्याची लिंक हातात देते. नाव घाला, झिप कोड घाला किंवा पत्ता घालून भोवतालचे तीन मैलांपर्यंत बघा. मी नव्या घराचा पत्ता घालून एक मैल निवडला. अटी मान्य आहेत का, विचारलं. मान्य. मी यंत्र नाही हे सिद्ध केलं. निकाल: शून्य.

इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! उठून चहा टाकला. रात्री साडेअकराला.

चहा पिता पिता हात वळवळला आणि सहज फिलिप्सबर्गचा शोध घेतला. तिथे मंदारचा, माझ्या नवऱ्याचा, मित्र राहतो. डेलावेअर नदीच्या अलीकडे फिलिप्सबर्ग, न्यू जर्सी; पलीकडे ईस्टन, पेन्सिल्व्हेनिया. पलीकडची यादी लांबच लांब, अलीकडची जेमतेम. मी मनात म्हटलं, बरं झालं बाई, आपण या तीरावर आहोत. खरं कारण समजायला दोन दिवस लागले. पेन्सिल्व्हेनिया तिन्ही टियरच्या, म्हणजे श्रेणींच्या, लोकांची माहिती साइटवर टाकतं. न्यू जर्सी टियर तीन, म्हणजे जास्त धोक्याचे, दाखवतं. टियर दोनमधले काही दाखवतं. टियर एक सहसा नाही. टियर एकची माहिती पोलिसांकडे आणि त्या गुन्ह्यातल्या पीडित व्यक्तीकडे, बस्स. माणसं दोन्ही तीरांवर आहेत, पडदा एकाच तीरावर आहे. माझं शून्य हे त्या पडद्याचं शून्य होतं.

बरं, 'टियर' या शब्दाचा अर्थ तरी सगळीकडे सारखा असावा की नाही? नाही. केंद्राच्या २००६च्या ॲडम वॉल्श कायद्यात टियर गुन्ह्याच्या कलमावरून पडतो: पहिल्याला १५ वर्षं नोंदणी, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला जन्मभर. न्यू जर्सी मात्र तो माणूस पुढे किती धोक्याचा ठरेल याचा हिशोब मांडतं. प्रॉसिक्युटरकडे १३ मुद्द्यांची एक गुणपत्रिका असते, कमाल गुण १११. गुन्हा किती क्रूर होता, बळीचं वय काय, आधीचा इतिहास, दारू-ड्रग्ज, उपचार, नोकरी, राहायला ठिकाण. ३६पर्यंत कमी, ७३पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त. माणसाला हे मान्य नसेल तर तो कोर्टात जाऊन भांडू शकतो. १९९५ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ती सुनावणी बंधनकारक केली. हे वाचून मला आधी रागच आला. यांना कसली सुनावणी? पुढच्या शनिवारी माझ्या हातून जे झालं, त्यानंतर तो राग तेवढा उरला नाही.

सई शनिवारी पोहायला जाते. तिच्या कोचचं नाव इतकं सर्रास आढळणारं, की आपल्याकडचा सुरेश पाटील समजा. मी ते नाव देशभराच्या शोधात टाकलं. अर्थातच अनेक राज्यांतून माणसं निघाली. त्यातल्या एकाचा फोटो पाहून पोटात गोळा आला: टक्कल, जाड भुवया, तसेच पडलेले खांदे. मी स्क्रीनशॉट काढला आणि त्या क्लासच्या आम्हा आयांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हा तो नाही ना?" प्रश्नचिन्ह होतं हो. पण प्रश्नचिन्ह कोण वाचतं? दहा मिनिटांत ग्रुप पेटला. एकीने मुलाचं नाव काढून घेतलं, दुसरीने पूलच्या मॅनेजरला फोन लावला.

संध्याकाळी मंदारने फोन हातात घेतला, फोटोवर झूम केलं नाही, खालची ओळ वाचली. "जन्मसाल बघितलंस का? हा साठीच्या पुढचा आहे. उंची सहा फूट दोन इंच. तुझा कोच माझ्या खांद्याला लागतो."

मी 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं. कुणीतरी आधीच पुढे पाठवलेलं होतं.

आमच्या राज्याच्या साइटवर स्पष्ट लिहिलंय की बोटांचे ठसे जुळल्याशिवाय ओळख पक्की धरता येत नाही, आणि ही माहिती कुणाला धमकावायला किंवा छळायला वापरली तर तो गुन्हा आहे. अशाच सूचनांखाली 'मान्य' वर टिचकी मारून मी पुढे गेले होते. त्या रात्री एकेका आईला मीच फोन केला, मॅनेजरलाही केला. तो शांतपणे म्हणाला, त्यांच्याकडे नोकरीवर घ्यायच्या आधी बोटांचे ठसे तपासले जातात. कोचपर्यंत हे गेलं का, ते विचारायची हिंमत झाली नाही.

सोमवारी टाऊनशिपच्या पोलीस ठाण्यात गेले. नोंदणी तिथेच होते: शिक्षा भोगून आलेल्याने राहत्या गावच्या पोलिसांकडे नाव-पत्ता नोंदवायचा, वर्षातून एकदा, काहींनी दर ९० दिवसांनी, येऊन तो खरा असल्याचं सांगायचं, आणि घर बदलायच्या किमान १० दिवस आधी कळवायचं. पंधरा वर्षं स्वच्छ राहिलं तर काहींना नाव काढण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. रेकॉर्डच्या खिडकीपाशी जाड काच, काचेला गोल जाळी, पलीकडे एक तरुण ऑफिसर. मी जाळीत तोंड घालून सगळं विचारलं.

"साइट बघितलीत ना?"

"बघितली. शून्य आहे."

"मग माझ्याकडेही तुम्हाला सांगण्यासारखं शून्यच आहे, मॅम."

पण चिडला नाही. रांग नव्हती, त्यामुळे समजावून सांगितलं. टियर तीन असेल तर पोलीस स्वतः त्या भागात दारोदार जाऊन सांगतात. टियर दोन असेल तर शाळा, पाळणाघरं, मुलांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना कळवतात, घरोघरी नाही. शाळेजवळ राहायला बंदी नाही का, हे मी विचारलंच. मागे काही टाऊनशिपनी तसे नियम केले होते, २००९ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते रद्द ठरवले. शेवटी तो म्हणाला, "यादी आमच्या कामासाठी आहे. तुमच्या कामाला ती थोडीच येते." मला हे त्याचं सरकारी टोलवणं वाटलं. आता वाटत नाही.

राज्याच्या साइटवर काय नसतं, हे शोधताना एक कलम सापडलं आणि मी ते तीनदा वाचलं. मध्यम धोक्याच्या माणसाचा एकच गुन्हा असेल आणि तो घरातल्या, नात्यातल्या मुलावर केलेला असेल, तर सर्वसाधारणपणे तो इंटरनेटवर येत नाही. कारण रास्त आहे: बापाचा फोटो लावला की लेकीचं नाव झाकायचं कसं? पण मग हिशोब मांडा. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २०००च्या अहवालात, पोलिसांपर्यंत पोचलेल्या अल्पवयीनांवरच्या अत्याचारांत अनोळखी माणसं फक्त ७ टक्के होती. घरातले ३४ टक्के, उरलेले ओळखीचे. मी नकाशावर जे लाल ठिपके शोधत होते ते त्या सातांच्या भीतीने.

आई मिरजेहून व्हिडिओ कॉलवर होती. तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याकडे असते का गं अशी यादी?" असते. २० सप्टेंबर २०१८ला केंद्राने सुरू केली, एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारं केंद्राचं खातं, सांभाळतं, पण ती फक्त पोलिसांना दिसते. आपल्याला करता येते ती चारित्र्य पडताळणी, ड्रायव्हरची, भाडेकरूची, शाळेतल्या शिपायाची.

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या वाड्यात होती की यादी. तोंडी."

मलाही ती आठवली. माडीवरच्या काकांकडे पेपर आणायला एकटीने जायचं नाही. लग्नाला अमके मामा आले की मुलींनी आजीजवळ झोपायचं. शिकवणीच्या मास्तरांकडे दोघी मिळून जायच्या, आणि दोघी मिळूनच परतायच्या. कारण विचारलं की "सांगितलं तेवढं ऐक". आजी, आई, मावशी, सगळ्यांना ती पाठ होती. तिच्यात एकही अनोळखी माणूस नव्हता. इथल्या साइटवर कायद्यानेच जी नावं सहसा येत नाहीत, नेमकी त्याच जातीची नावं त्या यादीत होती. अर्थात शिक्षाही कुणाला झाली नाही. मामा सगळ्या लग्नांना येतच राहिले, पहिल्या पंगतीला बसत राहिले.

"मामांचं तुला कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला लागतंय," आई म्हणाली आणि गॅस बंद करायला उठून गेली.

क्लोजिंग ठरल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी प्रॉसिक्युटरच्या ऑफिसला फोन केला. मेगन्स लॉचं काम बघणारा तिथे वेगळा विभाग आहे. बाईंनी पत्ता घेतला, मालकी कधी मिळाली ते विचारलं. कळवण्यासारखं काही असेल तर पोलीस दारी येतील, म्हणाल्या. दोन मिनिटंही लागली नाहीत. अजून कोणी आलेलं नाही.

सईला मात्र एक कळतं आता: "सांगितलं तेवढं ऐक" असं आमच्या घरी नाही. कुठल्या जागेला कुणी हात लावायचा नाही, आणि लावला तर तो कुणीही असो, मिरजेचा असो नाहीतर इथला, येऊन सांगायचं. हे तिला अंघोळीच्या वेळी सांगितलं, तिने "ओके" म्हटलं आणि शाम्पूच्या फेसाची दाढी लावली.

शनिवारी पूर्वी मी तिला सोडून भाजी आणायला जायचे. आता पूलच्या कडेच्या बाकावर पूर्ण तास बसते, क्लोरीनने डोळे चुरचुरतात. आई तिकडून विचारते, "बसलीस का?" कोच मला पाहून हात हलवतो. खरंच बुटका आहे हो.