दाराखालून सरकवलेला कागद

स्मरणिकेसाठी लिही म्हणून कमिटीचा फोन आला तेव्हाच ठरवलं, की पीटीच्या सरांचा मार आणि मधल्या सुट्टीतला समोसा यावर बाकीचे लिहितीलच, आपण ज्यांच्या नावाची शाळा आहे त्या सेंट फ्रान्सिस डी सेल्सबद्दल लिहायचं. कारण खरं सांगतो, आपल्या बॅचमधली निम्मी पोरं दहावी होईपर्यंत त्यांना गोव्याचे फ्रान्सिस समजत होती आणि उरलेली पाखरांशी बोलणारे फ्रान्सिस. हे तिसरेच बापा!

हे आल्प्सकडच्या सॅव्हॉयचे. 1567 चा जन्म, घर खानदानी, वडिलांची इच्छा पोरानं मोठा वकील व्हावं, म्हणून पाडुआला जाऊन कायद्याची डॉक्टरेटही घेतली आणि 1593 ला सरळ फादर झाले. (नागपुरात धरमपेठेत एखाद्यानं असं केलं तर घरात काय होईल बघा. तिकडेही वडील खूश नव्हतेच.) मग त्यांना शाब्ले भागात पाठवलं, तिथं बहुतेक लोक कॅल्विनच्या मताचे, म्हणजे प्रोटेस्टंट, यांचं प्रवचन ऐकायला कोणी येईचना. दुसरा कोणी असता तर चौकात उभं राहून ओरडला असता नाहीतर बॅग भरून घरी. यांनी लिहायला घेतलं. छोटी छोटी पत्रकं काढून लोकांच्या दाराखालून आत सरकवायची, ज्याला वाटेल तो वाचेल, त्याच्या सवडीनं. नंतर तो भाग परत कॅथलिक झाला, पण ते काही नुसत्या पत्रकांनी नाही, मागे सॅव्हॉयच्या ड्यूकचं राजकारण आणि जोर होता, हेही सांगायला पाहिजे. तरी मला भिडते ती पत्रकंच. 1923 मध्ये पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरवलं ते यामुळेच.

मी एका पेपरच्या डेस्कवर आहे, त्यामुळे हे मला जरा जास्तच लागू. रात्री डाक एडिशन (बाहेरगावी जाणारा अंक) सोडायच्या घाईत रिपोर्टरची तापलेली कॉपी येते, 'निर्लज्ज प्रशासन', 'मुर्दाड अधिकारी', सगळं भरलेलं. मी ती विशेषणं काढतो आणि विचारतो, बाबू, अर्ज कधी दिला, फाइल कोणत्या टेबलावर अडकून राहिली, ते सांग. तेवढंच छापलं की दुसऱ्या दिवशी बरोबर फोन येतात. फ्रान्सिस मुळात तापट होते म्हणतात, वर्षानुवर्षं स्वतःला आवरून आवरून तो मवाळपणा आणला होता. जन्मजात गोड माणसापेक्षा असा माणूस मला जवळचा वाटतो, आपल्या नागपूरच्या 45 डिग्रीत तर फारच.

आणखी एक. मार्टिन नावाच्या एका बहिऱ्या तरुणाला त्यांनी खुणांनी धर्माचं शिकवलं होतं, म्हणून ते बहिऱ्यांचेही आश्रयदाते संत. आता आपले गणिताचे सर आठवा. आपल्या वर्गात एक कानाला मशीन लावणारा मुलगा होता, पहिल्या बाकावर. सर फळ्याकडे तोंड करून कधी बोललेच नाहीत. लिहायचं, खडू खाली ठेवायचा, वळायचं, मग बोलायचं, कारण तो ओठ बघून समजून घ्यायचा. तेव्हा आपल्याला वाटायचं सर स्लो आहेत! सर काही ख्रिश्चन नव्हते, दर गुरुवारी वर्धा रोडच्या साईमंदिरात हमखास दिसायचे. त्यांनी हे कुठून घेतलं माहीत नाही, पण शाळेच्या नावाला शोभेल असं याहून मी तरी काही पाहिलं नाही.

1602 ला फ्रान्सिस जिनिव्हाचे बिशप झाले पण जिनिव्हा विरोधकांकडे, म्हणून राहायचे ॲनसीला. याच ॲनसीत 1838 ला फादर मेर्मिए यांनी फ्रान्सिसच्या नावानं धर्मगुरूंचा संघ काढला, त्या संघाचे मिशनरी 1846 ला विशाखापट्टणमला उतरले, पुढे मध्य भारतात आले आणि म्हणून आज मोहननगरचं कॅथेड्रल काय, सेमिनरी हिल्सचं कॉलेज काय, सगळीकडे हेच नाव. 1609 च्या आपल्या पुस्तकात फ्रान्सिस सांगतात की भक्तीसाठी मठातच जायला पाहिजे असं नाही, सैनिक, दुकानदार, घर चालवणारी बाई, ज्यानं त्यानं आपल्या कामातच ती करावी. हे मी घरी सांगितलं तर आजी तूर निवडता निवडता म्हणाली, "मग आपले सावता माळी काय करून राहिले होते रे मळ्यात?" आजीपुढे काय बोलणार!

आता आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं. इलेक्शन आलं की तिथं काय चालतं सगळ्यांना माहीत आहे, दोघं तर ग्रुप सोडून गेले. मी तिथं वाद घालत नाही. ज्याचं पटलं नाही त्याला वेगळा मेसेज करतो, चार ओळी, शिव्या नाहीत, फॉरवर्ड नाही, स्वतः टाइप केलेल्या. काही जण रात्री उशिरा उत्तर देतात, काही ब्लू टिक देऊन गप्प बसतात. एकानं तर ब्लॉकच केलं. 24 जानेवारीला सेंट फ्रान्सिसचा सण असतो, त्या दिवशी गेट-टुगेदर ठेवून राहिले ना, तर त्या ब्लॉकवाल्यालाही बोलवा, तर्रीपोहे माझ्याकडून.