डार्क सिटीतला टॅक्सीवाला आणि आमचं नेरुळ

काल रात्री 'डार्क सिटी' परत बघितला आणि ह्या वेळी हीरोपेक्षा तो टॅक्सीवालाच डोक्यात बसला. जॉन मर्डॉक त्याला विचारतो शेल बीचला कसं जायचं, तर तो एकदम खूश, अरे लग्न झाल्यावर बायकोला घेऊन तिथेच तर गेलेलो, आणि रस्ता सांगायला जातो, ह्या रोडने की त्या, आणि अडकतो. आठवण पक्की आहे पण वाट नाही.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी, पिक्चर 1998 चा, अ‍ॅलेक्स प्रोयासचा. मर्डॉक हॉटेलच्या बाथटबमध्ये जागा होतो, काही आठवत नाही, खोलीत एका बाईचं प्रेत. कायम रात्र, हॅट, ओव्हरकोट, मागावर पोलीस, सगळा जुन्या डिटेक्टिव्ह पिक्चरचा माहोल. आणि रोज बाराच्या ठोक्याला अख्खं शहर आहे तिथे झोपी जातं, बिल्डिंगा जमिनीतून उगवतात आणि फिक्कट चेहऱ्याची ती काळ्या कोटातली माणसं लोकांच्या आठवणी बदलतात. कशासाठी, तर माणूस नक्की कशाने माणूस होतो ते त्यांना शोधायचंय.

एक गरीब नवरा-बायको जेवत असतात, छोटंसं टेबल. बारा वाजतात, दोघं तिथेच झोपतात, मग टेबल लांबच लांब होत जातं, खोलीचा हॉल होतो, कपडे बदलतात, त्या काळ्या कोटवाल्यांसाठी काम करणारा डॉक्टर कपाळात सुई खुपसतो. जागे होतात ते श्रीमंत होऊन, आणि बोलणंही मालकाच्या तोंडचं. मला हा सीन शेवटच्या मारामारीपेक्षा शंभरपट भारी वाटतो, त्या मारामारीत तर मी दरवेळी कंटाळते.

मी नवी मुंबईतल्या नेरुळची, सिडकोच्या घरात वाढलेली. नवी मुंबई वसवायला 1970 ला सिडको आली, शहर आधी कागदावर आणि मग जमिनीवर. आमच्या मजल्यावर कोणालाही विचारा कुठले तुम्ही, तर सातारा, संगमेश्वर, जळगाव. मीसुद्धा गावाचंच नाव सांगते, तिथली विहीर, आंब्याचं झाड सगळं डोळ्यासमोर आहे, पण एसटी कुठल्या फाट्याला सोडायची ते विचारलं तर सांगता येत नाही.

आणि माझ्या आगरी मैत्रिणीचे बाबा, त्यांचं बरोब्बर उलटं. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरच्या त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उभं राहून हात करून दाखवतात, तो बांध तिथून जायचा, इथे आमचं मिठागर, त्या शाळेच्या मागे खाडीचं पाणी यायचं. वाट अजून पायाला पाठ आहे त्यांच्या, जागाच नाहीये. ते बोलताना आम्ही दोघी गप्प ऐकत राहतो, घशात काहीतरी येतं खरंच.

पिक्चरचं उत्तर असं की माणूस डोक्यात शोधून सापडायचा नाही, मर्डॉक शेवटी कपाळाला बोट लावून तेच सांगतो. मर्डॉकच्या बायकोच्या, एमाच्या बाबतीत मला ते शंभर टक्के पटतं, तिच्या आठवणी खोट्या असल्या तरी तिचं प्रेम खोटं नाही. पण त्या बाबांकडे बघून वाटतं की आठवण नुसती डोक्यात नसतेच मुळी, ती जमिनीतही असते, आणि बारा वाजता नुसती सुई टोचत नाहीत, बिल्डिंगाही हलवतात ते काय उगाच नाही.

बघणार असाल तर 2008 चा डायरेक्टर्स कट बघा. थिएटरवाल्यात सुरुवातीलाच डॉक्टरच्या आवाजात सगळं गुपित सांगून टाकलंय, तोच मिळाला तर सुरुवातीचा आवाज बंद ठेवा प्लीज.